कोरडा टिपकागद

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज सकाळी शंतनूनं नानांची ओली गादी बाल्कनीतून खाली फेकली. दुसऱ्या मजल्यावरून. खाली सुरेखाची स्कूटी उभी होती, तिचा आरसा फुटला. सुरेखा आमच्या खालीच राहते. ती वर आली, दारातूनच आत बघितलं. नाना ओल्या पायजम्यात खुर्चीत थरथरत बसले होते. ती तशीच परत गेली. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"महिनाअखेरपर्यंत बघतो," शंतनू म्हणाला. "नाही थांबलं तर हर्सूलच्या पुढं तो वृद्धाश्रम आहे, तिथं सोडून येतो. बोलून ठेवलंय मी."

"वडील आहेत तुझे."

"म्हणून तर महिना दिला."

नाना म्हणजे माझे सासरे, व्यंकटराव. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून उजवी बाजू लुळी आहे आणि बोलणं तुटक झालंय. पण ऐकू सगळं येतं, समजतंही सगळं. गादी खाली आदळली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

लग्न झाल्यावर, "तू पुढं शीक, मनू," म्हणणारे या घरात ते एकटे होते. मी त्यांना कुठंही सोडून येऊ देणार नाही.

शंतनू नवरा म्हणून वाईट नाही. घरूनच काम करतो, दिवसभर कानाला हेडफोन लावून विम्याच्या दाव्यांवरून लोकांशी भांडतो. मी सकाळी फार्मसी कॉलेजात शिकवायला जाते ती संध्याकाळी उगवते. दुपारपर्यंत वच्छलाबाई असतात, नंतर सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर. थकलाय तो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रयोग जमतोय. लिहायलाही भीती वाटते, पण जमतोय.

वारंवार आणि नकळत लघवी होणं थांबवणारी दोन औषधं आहेत. एक मूत्राशयाचा स्नायू अवेळी आखडू देत नाही, दुसरं त्याला सैल करतं. दोन्ही एकत्र दिली तर काय होतं, हा माझा पीएचडीचा विषय. चाळिशी उलटल्यावर घेतलेला. उंदरांचे चार गट आहेत. एकाला नुसतं पाणी, दोघांना एकेक औषध, चौथ्याला दोन्ही. त्यांच्या मूत्राशयाला आम्हीच आधी इजा केलेली असते, म्हणजे थेंब साठला की त्यांना राहवत नाही. प्रबंधात ते वाक्य 'इजा करण्यात आली' असं लिहितात. कोणी केली ते लिहीत नाहीत. मी केली.

पिंजऱ्याच्या जाळीखाली टिपकागद अंथरायचा, काही तासांनी काढून अतिनील दिव्याखाली धरायचा. लघवीचे डाग चमकतात, ते मोजायचे. ज्याचे डाग कमी त्याचा ताबा चांगला. इतकं साधं. पाणी दिलेल्या गटाचे कागद ठिपक्यांनी भरून गेलेत. चौथ्या गटाचे जवळजवळ कोरे.

आमच्याकडं प्राण्यांची खोली कारभारी सांभाळतात. ते म्हणाले, "मॅडम, ही खालच्या रांगेतली पोरं लई शहाणी झाली की. भुसा बदलायचं कामच उरलं नाय."

"मग पगार कापायला सांगते तुमचा."

"कापा. पण त्यातलं थोडं औषध आमच्या नातवाला द्या. रोज गोधडी वाळत घालून घालून सून पार पिसाळलीय."

मी हसले. बसमध्ये बसेपर्यंत हसू टिकलं. गारखेडा येईपर्यंत मात्र मी एकच गोष्ट घोळवत होते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नानांना डॉक्टरांनी पहिलं औषध दिवाळीआधीपासून चालू केलंय. थोडा फरक आहे, पुरेसा नाही. आज मी दुसरं विकत आणलं. नेहमीच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नाही. मी त्याच्यासाठी कॉलेजवाल्या मॅडम आहे.

ही दोन औषधं माणसांनाही एकत्र देतात. मी काही जगावेगळं करत नाहीये. नानांची प्रोस्टेट वाढलीय, अशा माणसाला जपून द्यावं लागतं, हेही मला माहीत आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे. तेव्हा सांगेन. माझ्याकडं तेवढे दिवस नाहीत.

गोळी दिली तेव्हा नानांनी विचारलं नाही कसली. माझ्या हातून ते काहीही घेतात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चादर कोरडी. कालही कोरडी होती.

शंतनू सकाळी स्वतः आत जाऊन हात फिरवून आला आणि दुपारी इमरती घेऊन आला. कितीतरी दिवसांनी आम्ही टेबलावर एकत्र जेवलो. शंतनू फार बोलत होता.

"तुला माहितीये का, मी तिसरीपर्यंत गादी ओली करायचो. हे मला ओली चादर डोक्यावर देऊन गच्चीवर उभं करायचे. शाळेची सगळी पोरं खालून जायची. आई मध्ये पडली तर तिलाही पट्टा." तो हसला. नानांच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. "काय नाना? खरं की नाही?"

नानांच्या तोंडातला घास बाहेर आला. मी पुसला.

पूर्वीच्या बापांच्या तऱ्हाच तशा. माझे आबा कुठं कमी होते. पण त्याला ते आज हसत सांगता आलं, याचंच मला बरं वाटलं. घरात कोरडेपणा आला की माणसं किती मोकळी होतात.

रविवार, १६ नोव्हेंबर

आंघोळ घालताना नानांच्या दोन्ही मनगटांवर निळसर पट्टे दिसले. दंडावरही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्यानं जरा दाबलं तरी असं होतं. वच्छलाबाईंना म्हटलं, धरताना हलक्या हातानं धरत जा.

त्या तांब्या हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"मी धरलं व्हय हे, ताई?"

"तुम्हाला दोष देत नाही हो मी."

"मग कुणाला देता?"

त्यांना राग आला असावा. संध्याकाळी शंतनूला सांगितलं तर म्हणाला, बाई आगाऊ झालीय.

नाना दिवसभर झोपाळलेले असतात. तोंड कोरडं पडतं, सारखं ओठांवरून जीभ फिरवतात. औषधाचा तेवढा त्रास होतोच. शंतनूनं आणखी सर्दीची गोळी द्यायला सुरुवात केलीय, नाक वाहत होतं म्हणे. त्यानं दुपारी शांत पडून राहतात.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वच्छलाबाईंनी काम सोडलं. पडेगावहून दोन रिक्षा बदलून यायच्या, तरी कधी खाडा नाही. आणि आज अचानक.

"पैसे वाढवून देते," मी म्हटलं.

"पैशाचं नाय. भाऊंनी सांगितलं, उद्यापासून नको येऊ." भाऊ म्हणजे शंतनू. "एक सांगते ताई. बाबांला एकटं ठिवू नका त्यांच्यासंगं."

"त्याला उचलणं जमत नाही, ठाऊक आहे मला."

 त्यांनी पदर खोचला.

"व्हय," म्हणाल्या. "उचलायचंच."

जाताना नानांच्या पायाला हात लावून गेल्या. सुमारे वर्षभराची माया, दुसरं काय. मी नवी बाई बघायला लागलेय. तोवर शंतनू सांभाळेन म्हणतोय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नानांनी आज मला मारलं.

मी पेज भरवत होते. एकदम डावा हात उचलून माझ्या तोंडावर. चमचा दातावर आपटला, ओठ फाटला. मग वाटी भिंतीवर. डोळे कुणा परक्याचे होते. "काढ, काढ," म्हणत होते, काय काढायचं ते कळेना. पायजमा ओढत होते. मी बघितलं, पायजमा कोरडा होता, चादर कोरडी होती.

शंतनू आला आणि त्यानं त्यांचा हात पिरगाळून खाली दाबला. नाना ओरडले.

"बघितलंस? दिवसभर मी हे झेलतो," तो म्हणाला. नंतर माझ्या ओठाला बर्फ लावला.  मला त्याची दया आली, आणि नानांचा राग आला. पहिल्यांदाच. तो इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडं कुठं ठेवता येत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

चौथ्या गटात मारामाऱ्या सुरू झाल्यात. याच गटातल्या निम्म्या उंदरांची मात्रा मी मागच्या आठवड्यात वाढवली होती. त्याच पिंजऱ्यांत. एकाचा कान अर्धा गेलाय. एकाचं शेपूट हाडापर्यंत चावलेलं. कारभारींनी जाड हातमोजा घालून एकाला बाहेर काढलं तर तो हातमोज्याला लटकून राहिला, सोडेचना.

"ह्यांला काय झालंय मॅडम? गरीब जात आहे ही. हातावर बसून दाणे खायची."

"औषधानं चिडचिड होते कधीकधी."

"चिडचिड नाय ही. कुठंतरी दुखतंय ह्यांला."

मी टिपकागद बघितले. पांढरेशुभ्र. इतका चांगला निकाल मला आजवर मिळाला नव्हता. तो वहीत चढवला आणि घरी आले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

 सगळं लिहायचं आहे, क्रमानं.

सकाळी पिंजऱ्यात एक उंदीर मेलेला होता, पोट टम्म. दुसऱ्यांनी त्याचा डोळा खाल्ला होता. मी त्याला टेबलावर घेऊन पोट उघडलं. आत सगळीकडं लघवी आणि रक्त. मूत्राशय फुटलं होतं. त्याची भिंत ताणून ताणून इतकी पातळ झाली होती की चिमट्यात धरता येईना.

मग जिवंतांतला एक हातात घेतला आणि अंगठ्यानं पोट दाबलं. हे मी तीन आठवड्यांत एकदाही केलं नव्हतं. धार लागली. माझ्या हातमोज्यावरून मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, थांबेचना. त्यांचा ताबा वाढला नव्हताच. त्यांना होतच नव्हती. मी फक्त बाहेर पडलेली मोजत होते. आत किती तुंबलीय ते बघायचं कुठल्याही नवशिक्या विद्यार्थ्याला सुचलं असतं. कमी मात्रेचे उंदीर ठीक होते. जास्त मात्रेचे सगळे फुगलेले.

नानांना मी दोन गोळ्या देत होते. तिसरी, सर्दीची, शंतनू देत होता. त्या गोळीनंही लघवी अडते. हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. परीक्षेत विचारते.

मी हातमोजे तसेच टाकून रिक्षा केली. शंतनूला फोन लागेना.

कुलूप किल्लीनं उघडलं. आतून आवाज येत होता. संध्याकाळी मी येते तेव्हा कधीकधी असाच आवाज असतो, मला वाटायचं उशा झटकतोय.

नाना कमोडच्या खुर्चीत होते. मनगटं माझ्या ओढणीनं दोन्ही दांड्यांना बांधलेली. शंतनू समोर उभा, हातात चप्पल.

"कर. कर ना आता. एरवी धरवत नव्हतं ना? आता का ओरडतोस? कर म्हणतो ना."

तो त्यांना अरे-तुरे करत होता. प्रत्येक वाक्याला एक चप्पल. गालावर, कानावर, डोक्यावर. नानांच्या नाकातून रक्त ओठावर येत होतं आणि नाना ते चाटत होते. बनियन वर सरकलं होतं. बेंबीखाली पोट भांड्यासारखं वर आलं होतं. त्यानं चप्पल त्या पोटावर मारली.

नानांची चार पायांची काठी दाराशीच असते. मी ती उचलली आणि शंतनूच्या खांद्यावर घातली. तो वळला, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. म्हणाला, "मनू, अगं." दुसरी हातावर. हाड मोडलेलं ऐकू आलं. तो खाली बसला आणि हात पोटाशी धरून रडायला लागला, लहान मुलासारखं, तोंड वाकडं करून. तिसरा फटका मारायची काही गरज नव्हती. मी मारला. चौथाही मारला असता, पण सुरेखानं मागून धरलं. आवाज ऐकून वर आली होती.

मारताना बरं वाटलं. हेही क्रमानंच आलं, म्हणून लिहिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

हॉस्पिटलात नळी घातली. पिशवी भरली, बदलली, दुसरीही भरत आली. सुरुवातीला पिवळं, मग चहासारखं, मग लाल. लघवी उतरू लागली तसा नानांचा चेहरा उतरत्या तापासारखा निवत गेला आणि ते झोपले. मूत्रपिंडांवर ताण आलाय. सुधारेल, म्हणतात.

ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "काय काय औषधं चालू होती?" मी म्हटलं, घरून बघून सांगते. खोटं. मला पाठ आहेत.

बाहेर शंतनू बाकावर बसला होता, हाताला प्लास्टर. सुरेखानं त्यालाही आणलं होतं. मी पलीकडं बसले.

"पडले म्हणून सांगितलंय मी," तो म्हणाला. "तूही तेच सांग."

मी बाकाच्या टोकाला सरकले.

"मनू, विचार कर. डॉक्टरांना न विचारता गोळी कोणी चालू केली? मी? मी सर्दीची दिली, ती कुणीही देतं. तू शिकलेली आहेस. माझं नाव घेतलंस की पहिला प्रश्न तुलाच विचारतील. नोकरी जाईल, पीएचडी जाईल. आणि माझा हात मोडलाय ते वेगळंच."

तो अगदी हळू, समजावून बोलत होता. दाव्यांच्या फोनवर बोलतो तसं. मग म्हणाला, "घरी नेऊ, नीट करू. मी बदलेन."

आणि खरं सांगायचं तर मी थोडा वेळ तिथं बसून ते होऊ शकेल का याचा विचार केला. दोघं गप्प राहिलो तर दोघं सुटतो. नाना तर काही बोलणार नाहीत. मला त्याच्या आवाजात माझाच आवाज ऐकू येत होता. थकलाय तो. रक्त पातळ होण्याची गोळी आहे. उशा झटकतोय.

मी उठून आत गेले आणि डॉक्टर बाईंना सांगितलं. आधी माझ्या गोळ्या, कधीपासून, किती, कुणाला न विचारता. मग त्याची गोळी. मग ओढणी, चप्पल, मनगटं.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा."

"मॅडम, तुमच्या गोळ्यांचंही येईल त्यात."

"येऊ दे."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

जबाब घ्यायला हवालदार आले. वयस्क, सर्दी झालेले. नानांच्या उशाशी स्टूल ओढून बसले.

"बाबा, कुणी मारलं?"

"प... पडलो."

"कुठं पडलात?"

"पडलो."

हवालदारांनी त्यांचे दोन्ही हात चादरीबाहेर काढून बघितले. "दोन्ही मनगटांवर गोल गोल पडलात व्हय?"

"पडलो," नाना म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं.

"बापाचं असंच असतं," हवालदार मला म्हणाले. "मोडेल पण पोराचं नाव घेणार नाही. तुम्ही काय बघितलं ते सांगा."

मी बघितलेलं सांगितलं, आणि न बघितलेलंही, म्हणजे जे दिसत असून बघितलं नव्हतं ते. नाना ऐकत होते. पाठ माझ्याकडं होती, पण ऐकू सगळं येतं त्यांना. शंतनूचं नाव आलं तेव्हा डावा हात उठला आणि चादरीवर आपटला. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. नर्स येऊन धरेपर्यंत.

शंतनूला घरी यायची मनाई झालीय. घर नानांच्या नावावर आहे. तो मित्राकडं गेलाय. मलाही ठाण्यात बोलावलंय, गोळ्यांसाठी आणि काठीसाठी. कॉलेजला मी स्वतःच कळवलं की प्रयोग थांबवा. उरलेल्या उंदरांना औषध बंद करून रोज पोट दाबून मोकळं करायला सांगितलं. कारभारींचा निरोप आला, दोन आणखी गेले, बाकीचे खायला लागले.

वच्छलाबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येते. पण ताई, मी सांगितलं होतं तुम्हाला." मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "तवा समजलं नव्हतं का समजून घ्यायचं नव्हतं?" उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

सोमवार, १ डिसेंबर

उद्या घरी सोडणार. नळी काही दिवस राहील.

नर्सनं दुपारची गोळी माझ्या हातात दिली, रक्तदाबाची, जुनीच. मी नानांच्या ओठांशी नेली. त्यांनी ओठ मिटून घेतले. मारलं नाही, मान फिरवली नाही, फक्त मिटले आणि माझ्या हाताकडं बघत राहिले. मी सांगितलं कसली गोळी आहे. पाकीट दाखवलं. शेवटी नर्सला बोलावलं. तिच्या हातून घेतली.

मग छताकडं बघत, एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "घरी... कोण?"

"वच्छलाबाई दिवसा येतील."

त्यांनी डोक्यानंच नाही म्हटलं. ते विचारायचं नव्हतं त्यांना. "राहायला. कोण?"

"मी आहे ना, नाना. आता मी एकटीच."

त्यांनी पुन्हा माझ्या हाताकडं बघितलं आणि ओठ मिटून घेतले.